ज्ञानाचे भाडे आणि ज्ञानाची मालकी

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेस मान्यता दिली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती अमलात आली. ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांच्या सुमारे १३,००० संशोधनपत्रिका केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील ६,३०० हून अधिक संस्थांना एकाच राष्ट्रीय वर्गणीतून उपलब्ध करून देणे, हे या योजनेचे स्वरूप आहे. सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक आणि संशोधक यांना तिचा लाभ मिळेल, असे सांगण्यात आले. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. गडचिरोलीच्या विद्यापीठातील विद्यार्थ्याला आणि मुंबईच्या आय. आय. टी.तील विद्यार्थ्याला एकच पत्रिका एकाच वेळी वाचता यावी, ही कल्पना मुळातच स्वागतार्ह आहे. तिला नाक मुरडण्याचे कारण नाही.

परंतु एवढी मोठी रक्कम खर्च होत असताना दोन प्रश्न विचारणे हे नागरिकाचे आणि विशेषतः शिक्षकाचे कर्तव्य ठरते. या योजनेच्या दाराबाहेर कोण उभे आहे, हा पहिला प्रश्न. आणि २०२७ अखेर मुदत संपल्यावर आपल्या हाती काय उरणार, हा दुसरा. पहिला प्रश्न न्यायाचा आहे, दुसरा शहाणपणाचा. दोहोंचे उत्तर शोधावयाचे तर ज्या बाजारपेठेत आपण हा सौदा केला, तिचे स्वरूप आधी समजून घेतले पाहिजे.

एक विचित्र बाजारपेठ

शेतमालाला रास्त भाव मिळत नाही, मधला अडत्या गबर होतो, ही आपल्याकडील जुनी तक्रार आहे. तरीही शेतकऱ्याच्या पदरात काही ना काही भाव पडतोच. शोधनिबंधांच्या बाजारात मूळ उत्पादकाला सहसा एक पैसाही मिळत नाही. संशोधन बहुधा सार्वजनिक पैशाने होते. निबंध लिहिणारा प्राध्यापक तो प्रकाशकाला विनामूल्य देतो आणि बहुतेक वेळा त्याचे स्वामित्वहक्कही लिहून देतो. तो निबंध प्रकाशनयोग्य आहे की नाही, हे तपासणारे तज्ज्ञही घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतात. छापण्याजोगा ठरलेला हाच निबंध मग त्याच प्राध्यापकाच्या विद्यापीठाला वर्गणीच्या रूपाने विकला जातो. कच्चा माल फुकट, त्याची पारख फुकट, आणि पक्का माल मात्र मालकालाच विकत, असा व्यवहार अन्य कोणत्या व्यवसायात क्वचितच आढळेल.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या व्यवहारात दोन गोष्टी चटकन जाणवतात. पहिली म्हणजे मागणीची अलवचीकता. गहू महागला तर ज्वारीवर भागवता येते. परंतु संशोधकाला ‘इकॉनोमेट्रिका’तील एक विशिष्ट निबंध हवा असेल, तर दुसऱ्या कोणत्याही पत्रिकेतील निबंध त्याची जागा घेऊ शकत नाही. प्रत्येक पत्रिका ही आपापल्या परीने एक छोटी मक्तेदारीच असते, आणि अशा हजारो मक्तेदाऱ्या आज मोजक्या हातांत एकवटल्या आहेत. माँट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांपैकी निम्म्याहून अधिक पाच बड्या प्रकाशनसमूहांकडे होते. त्यांपैकी एल्सेव्हिअर ज्या रेल्क्स समूहात मोडते, त्याच्या शास्त्रीय व वैद्यकीय प्रकाशन विभागाने २०२३ मध्ये सुमारे तीन अब्ज पौंडांच्या उत्पन्नावर जवळजवळ ३८ टक्के नफा दाखवला. साध्या कारखानदाराला एवढ्या नफ्याचे स्वप्नही पडत नाही.

श्रीमंतांनाही हा भार जड झाला आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयविषयक सल्लागार मंडळाने एप्रिल २०१२ मध्ये आपल्या प्राध्यापकांना कळवले, की काही मोठ्या प्रकाशकांच्या पत्रिकांवर वर्षाला सुमारे ३७ लाख ५० हजार डॉलर खर्च होत असून हे फार काळ चालणे शक्य नाही. हार्वर्डला जे परवडत नाही, ते ढाक्याला, नैरोबीला किंवा नांदेडला कसे परवडावे?

दुसरी गोष्ट सीमान्त खर्चाची. कागदावरील अंकाची आणखी एक प्रत काढावयाची तर कागद, शाई आणि टपालहशील यांचा खर्च येई. संगणकाच्या पडद्यावर वाचल्या जाणाऱ्या निबंधाला आणखी एक वाचक मिळाला, तर प्रकाशकाचा वाढीव खर्च शून्याच्या जवळपास असतो. एकाने वाचल्याने दुसऱ्याच्या वाट्याचे काही कमीही होत नाही. पाठ्यपुस्तकांत आपण सार्वजनिक वस्तूचे जे लक्षण शिकवतो, ते याहून स्पष्ट कोठे दिसणार? म्हणून गरीब देशाला स्वस्तात किंवा फुकट पत्रिका दिल्याने प्रकाशकाचे प्रत्यक्ष नुकसान जवळजवळ काहीच होत नाही. श्रीमंताकडून जास्त आणि गरिबाकडून कमी घेणे हा मूल्यभेद मक्तेदाराच्या सोयीचाच भाग आहे. त्याला दानधर्माचे नाव देताना थोडे थबकले पाहिजे.

दानाच्या मर्यादा

हे दान कसे चालते, हे पाहण्याजोगे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २००२ मध्ये सहा मोठ्या प्रकाशकांच्या सहकार्याने ‘हिनारी’ हा उपक्रम सुरू केला. अतिशय गरीब देशांतील वैद्यकीय संस्थांना पत्रिका विनामूल्य आणि त्यांहून किंचित बऱ्या स्थितीतील देशांना नाममात्र शुल्कात, अशी ती व्यवस्था होती. पुढे शेती, पर्यावरण, तंत्रज्ञान आणि कायदा या विषयांसाठी तसेच उपक्रम निघाले, आणि या सर्वांना मिळून ‘रिसर्च फॉर लाइफ’ असे नाव मिळाले. आफ्रिकेतील कितीतरी रुग्णालयांना आणि विद्यापीठांना त्याचा खरा उपयोग झाला, हे मान्य केलेच पाहिजे.

तथापि या व्यवस्थेतील पात्रता केवळ गरजेवर ठरत नाही. भारतीयाचे दरडोई उत्पन्न तुटपुंजे असतानाही भारताला या यादीत स्थान मिळाले नाही. कारण येथे वर्गणी भरणाऱ्या संस्था होत्या, म्हणजेच बाजारपेठ होती. बांगलादेशाचा अनुभव तर अधिक बोलका आहे. जानेवारी २०११ मध्ये काही बड्या प्रकाशकांनी तेथील संस्थांना ‘हिनारी’मार्फत मिळणाऱ्या दोन हजारांहून अधिक पत्रिका एकाएकी बंद केल्या. काल उघडणारा निबंध आज उघडेना. तेथील देश काही एका रात्रीत श्रीमंत झाला नव्हता. तेथे विक्री होऊ शकेल, एवढेच प्रकाशकांच्या ध्यानी आले होते. वैद्यकीय जगतात बोभाटा झाला, ‘लॅन्सेट’मध्ये निषेधाचे पत्र आले, आणि मग पत्रिका पुन्हा सुरू करण्यात आल्या. गोष्ट सुखान्त झाली खरी. पण जे एका निर्णयाने मिळते ते दुसऱ्या निर्णयाने जाऊ शकते, हा तिचा बोध आहे. सवलत हा हक्क नव्हे.

आपला जुना अनुभव

स्वस्त ज्ञानाचा प्रश्न आपल्याला नवा नाही. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण असताना देशाने त्याला तोंड दिले होते. १९५२ साली युनेस्कोच्या साहाय्याने दिल्लीत ‘इन्सडॉक’ हे राष्ट्रीय वैज्ञानिक प्रलेखन केंद्र निघाले. देशात कोठेही असलेल्या संशोधकाने मागितलेल्या निबंधाची छायाप्रत, आणि गरज पडल्यास त्याचे भाषांतरही मिळवून देणे, हे त्याचे काम होते. ज्यांनी साठ-सत्तरच्या दशकांत महाविद्यालयीन शिक्षण घेतले, त्यांना ब्रिटिश सरकारच्या मदतीने निघणारी ‘ई. एल. बी. एस.’ची स्वस्त पाठ्यपुस्तके आणि मॉस्कोहून येणारी ‘मीर’ची विज्ञानाची पुस्तके आठवत असतील. महासत्तांच्या स्पर्धेचा तो आनुषंगिक लाभ होता. स्पर्धा संपली आणि लाभही संपला. ज्ञान दुसऱ्याच्या राजकारणावर अवलंबून ठेवले, की असेच व्हावयाचे.

त्या पिढीने हक्काची भाषाही केली होती. १९६७ च्या स्टॉकहोम परिषदेत विकसनशील देशांना शिक्षणासाठी परकीय ग्रंथांचे पुनर्मुद्रण व भाषांतर सुलभपणे करता यावे, असा आग्रह ज्यांनी धरला, त्यांत भारत अग्रभागी होता. श्रीमंत देशांनी त्या तरतुदी मानल्या नाहीत. १९७१ साली पॅरिसमध्ये तडजोड होऊन सक्तीच्या परवान्याची एक गुंतागुंतीची पद्धत मान्य झाली. तिला अनुसरून १९८३ मध्ये आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात कलम ३२-अ घालण्यात आले. शिक्षणोपयोगी परकीय ग्रंथ ठराविक काळात रास्त किमतीत भारतात उपलब्ध झाला नाही, तर त्याच्या पुनर्मुद्रणाचा परवाना मागण्याची ती तरतूद होती. कायद्याच्या पुस्तकात ती राहिली. व्यवहारात तिचा उपयोग जवळजवळ झाला नाही.

हक्काची हीच भाषा पुढे न्यायालयातही ऐकू आली. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्सच्या दुकानाविरुद्ध आणि विद्यापीठाविरुद्ध तीन बड्या परकीय प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला. अभ्यासक्रमातील पुस्तकांची निवडक प्रकरणे एकत्र करून विद्यार्थ्यांना छायाप्रती दिल्या जात, अशी त्यांची तक्रार होती. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये, आणि पुन्हा डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठानेही, अध्यापनाच्या ओघातील अशा वापराला कायद्यात मुभा आहे, ही भूमिका उचलून धरली. २०१७ मध्ये प्रकाशकांनी माघार घेतली. स्वामित्वहक्काला समाजाच्या शिक्षणाची मर्यादा आहे, हे या निकालाने ठसवले. उलट ‘साय-हब’ या संकेतस्थळाला ती मुभा लाभली नाही. डिसेंबर २०२० मध्ये दाखल झालेल्या दाव्यात ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतात बंद करण्याचा आदेश झाला. चोरीचे समर्थन करता येत नाही; परंतु ज्या वाटेने लाखो संशोधक वर्षानुवर्षे जात होते, ती वाट बंद करताना त्यांच्यासाठी राजमार्ग खुला झाला आहे काय, हे पाहणे शासनाचे काम आहे.

दाराबाहेर कोण?

आता नव्या योजनेकडे वळू. साधा हिशेब मांडला, तर वर्षाला २,००० कोटी रुपये म्हणजे प्रत्येक संस्थेमागे सरासरी ३१ ते ३२ लाख आणि प्रत्येक लाभधारकामागे सुमारे १,१०० रुपये पडतात. प्रत्येक संस्थेने स्वतंत्रपणे तेरा हजार पत्रिका घेण्याचा विचारही करणे शक्य नव्हते. त्या दृष्टीने हा सौदा वाईट नाही. एकेकट्या ग्रंथपालाने प्रकाशकाच्या दारात जाण्यापेक्षा देशाने एकमुखाने बोलणे केव्हाही श्रेयस्कर.

परंतु घोषणेतील ‘शासनाच्या व्यवस्थापनाखालील’ हे शब्द महाराष्ट्राच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहेत. येथील उच्च शिक्षणाचा इतिहास हा शिक्षणसंस्थांचा इतिहास आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीपासून रयत शिक्षण संस्थेपर्यंत लोकांनी वर्गणी काढून, मूठ मूठ धान्य गोळा करून महाविद्यालये उभी केली. अध्यापकांचे वेतन शासन देते, व्यवस्थापन मात्र संस्थेकडे असते. तालुक्याच्या गावी शेतकऱ्याची आणि शेतमजुराची मुले बहुधा याच अनुदानित महाविद्यालयांत शिकतात. घोषणेच्या शब्दांप्रमाणे पाहता ती पहिल्या टप्प्याच्या चौकटीत बसत नाहीत. त्यांच्यासाठी २०१० पासून ‘एन-लिस्ट’ हा अल्प शुल्काचा मार्ग होता, आणि तो उपयुक्तही ठरला. पण त्याची व्याप्ती विद्यापीठांना मिळणाऱ्या संग्रहाएवढी कधीच नव्हती. विनाअनुदानित महाविद्यालयांची कथा तर याहून करुण आहे. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या संस्थांना राष्ट्रीय वर्गणीत वाटा नसावा, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ग्रामीण महाविद्यालयांत संशोधनपत्रिका वाचतो कोण? मार्गदर्शकांच्या आणि अपेक्षित प्रश्नसंचांच्या पलीकडे तेथे कोण जातो? या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. पण आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? वाचनाची सवय ग्रंथालय रिकामे ठेवून लागत नसते. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीत संशोधनाला स्थान दिले आहे. अध्यापकाच्या पदोन्नतीतही शोधनिबंधांचा हिशेब होतो. संशोधन करा असे सांगावयाचे आणि संशोधनाची साधने मात्र निवडक संस्थांपुरती ठेवावयाची, हा विसंगत व्यवहार आहे. आधीचे निबंध वाचावयास न मिळालेल्या शिक्षकाचे लेखन सुमार पत्रिकांच्या दलालांच्या हाती पडते, तेव्हा दोष केवळ शिक्षकाचा नसतो.

खुले दार आणि नवा उंबरठा

यावर ‘खुला प्रवेश’ हा उपाय सुचवला जातो. फेब्रुवारी २००२ मधील बुडापेस्टच्या जाहीरनाम्यापासून ही चळवळ जगभर पसरली. निबंध वाचावयास पैसे पडू नयेत, हे तिचे सूत्र आहे. व्यापारी प्रकाशकांनी मात्र त्यातून आपली वाट काढली. वाचकाकडून घ्यावयाचे पैसे ते लेखकाकडून घेऊ लागले. ‘नेचर’ या सुप्रसिद्ध पत्रिकेने २०२१ मध्ये असा निबंध खुला ठेवण्यासाठी ९,५०० युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने आठ लाखांहून अधिक रुपये, आकार लागू केला. म्हणजे गरीब देशाने वाचावे खुशाल, पण लिहू नये! दार उघडले ते वाचकासाठी, आणि लेखकासमोर नवा उंबरठा उभा राहिला.

दुसरा मार्गही आहे, आणि तो विकसनशील देशांनीच दाखवला आहे. ब्राझीलमध्ये सार्वजनिक निधीच्या आधाराने १९९८ पासून ‘सायेलो’ हा पत्रिकांचा खुला संग्रह चालतो; लॅटिन अमेरिकेतील अनेक देश त्यात सामील आहेत. पत्रिका तेथील विद्यापीठांच्या आणि विद्वत्सभांच्या. भाषा पोर्तुगीज, स्पॅनिश आणि इंग्रजी. आपल्याकडेही बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीच्या पत्रिका कोणालाही विनामूल्य वाचता येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांमुळे पीएच. डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर खुले होऊ लागले. पदवीशी सांगड घातल्याने ते काम चालीस लागले. मनात आणले तर आपणही विहीर खोदू शकतो, हे त्यावरून दिसते.

२०२७ पूर्वी काय करावे?

महाराष्ट्राला टँकरचा अनुभव सांगावयास नको. टँकर आला नाही तर माणसे तडफडतात. म्हणून टँकर आणलाच पाहिजे. पण दरवर्षी टँकरवर खर्च करून विहिरीला हात न लावणारा कारभारी शहाणा म्हणता येत नाही. वर्गणी हे ज्ञानाचे भाडे आहे. भाडे थांबले की घर सोडावे लागते. डॉलरचा दर चढला तरी भाडे वाढते. १९९१ च्या अवमूल्यनानंतर किती ग्रंथालयांनी पत्रिका बंद केल्या, हे जुन्या ग्रंथपालांना विचारावे. म्हणून पुढील कराराच्या वाटाघाटींत शासनाने काही अटींचा आग्रह धरला पाहिजे.

पहिली अट व्याप्तीची. अनुदानित व विनाअनुदानित महाविद्यालये योजनेत आली पाहिजेत. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले आहे. किमान जिल्हा ग्रंथालयांत तरी कोणाही नागरिकाला येऊन या पत्रिका वाचता याव्यात. वाढीव वाचकाचा खर्च नगण्य असल्याने ही मागणी अवाजवी नाही.

दुसरी अट कायम हक्काची. ज्या वर्षांचे पैसे भरले, त्या वर्षांचे अंक करार संपल्यावरही देशाच्या स्वतःच्या संग्रहात राहिले पाहिजेत. पूर्वी वर्गणी बंद झाली तरी बांधलेले जुने खंड कपाटात राहत असत. ग्रंथालयाने संगणकाच्या युगात येऊन तो हक्क गमावू नये.

तिसरी अट भारतीय लेखकांच्या निबंधांची. जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनी डिसेंबर २०१४ मध्येच आपल्या निधीतून झालेले निबंध खुल्या संग्रहात ठेवण्याचे धोरण जाहीर केले होते. त्याला कराराचे बळ दिले पाहिजे. हे अशक्य नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाने फेब्रुवारी २०१९ मध्ये एल्सेव्हिअरशी वाटाघाटी मोडल्या, आणि दोन वर्षे कळ सोसून २०२१ मध्ये आपल्या लेखकांचे निबंध खुले करण्याच्या अटीसह नवा करार मिळवला. एका विद्यापीठाला जे साधले, ते दीड अब्ज लोकसंख्येच्या देशाला का साधू नये?

चौथी अट पारदर्शकतेची. कोणत्या प्रकाशकाला किती रक्कम दिली आणि कोणत्या पत्रिका किती वाचल्या गेल्या, हे जनतेसमोर यावे. सार्वजनिक पैशाच्या सौद्यात गुप्ततेचे प्रयोजन नाही. आणि या रकमेतील एक निश्चित वाटा दरवर्षी भारतीय पत्रिकांच्या उभारणीसाठी बाजूला काढावा. इंग्रजीबरोबर मराठीतील सामाजिक शास्त्रांच्या पत्रिकाही त्यात याव्यात. कारण आपल्या शेतीवर, आपल्या सहकारावर आणि आपल्या पाण्यावर झालेले संशोधन ज्यांच्याविषयी आहे, त्यांच्यापर्यंतही पोहोचले पाहिजे.

या साऱ्यात शिक्षकांचा वाटाही आहे. आपला निबंध कोठे द्यावा, त्याचे हक्क लिहून द्यावेत की राखून ठेवावेत, कोणाच्या पत्रिकेसाठी फुकट परीक्षण करावे, हे निर्णय शेवटी अध्यापकच घेतात. ही बाजारपेठ त्यांच्या विनामोबदला श्रमांवर उभी आहे, आणि ते श्रम कोठे द्यावयाचे हे ठरवण्याचा अधिकार अद्याप कोणी काढून घेतलेला नाही. ६,००० कोटी रुपये देऊन देशाने तीन वर्षांची उसंत विकत घेतली आहे. ती केवळ वाचनात घालवावयाची की विहीर खोदण्यातही, हे २०२७ उजाडून मावळण्यापूर्वी ठरले पाहिजे.